दिरंगाई आपली, नाव देवाचे

नवजात बाळाचा एक हात हलत नाही, रडणे क्षीण आहे, ते दूध ओढत नाही, असे लक्षात आले की आपल्या घरांतून दोन वाक्ये हमखास उच्चारली जातात. पहिले उघडपणे : ‘देवाची इच्छा.’ दुसरे स्वयंपाकघरात, हलक्या आवाजात : ‘हिनेच पोटुशी असताना काहीतरी केले असणार.’ पहिल्या वाक्याने देवावर आळ येतो, दुसऱ्याने आईवर. आणि ज्यांनी वेळीच काही करायचे होते, ते सारे नामानिराळे राहतात. या दोन्ही वाक्यांना माझा विरोध आहे.

जन्मांध माणसाकडे पाहून शिष्यांनीही असाच प्रश्न केला होता : पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे? प्रभूने तो प्रश्नच मोडीत काढला आणि त्या माणसाला दृष्टी दिली. आपण मात्र अजून शिष्यांच्या प्रश्नापाशीच घुटमळत आहोत.

प्रसूतीच्या वेळी बाळाला इजा का होते? बाळ मोठे असते, कधी आईच्या मधुमेहामुळे; डोके बाहेर येते आणि खांदा अडकतो. बाळ पायाळू असते. कळा लांबतात, चिमटा किंवा व्हॅक्यूम लावावा लागतो. ही कारणे शरीराची आहेत, पापाची नव्हेत. काही कारणे मात्र माणसांच्या उतावळेपणाची आहेत. कळा वाढाव्यात म्हणून देखरेखीवाचून इंजेक्शन टोचणे हे त्यातले एक. वरून पोट दाबून बाळ ढकलणे हे दुसरे. जागतिक आरोग्य संघटनेने 2018 साली या पोट दाबण्याविरुद्ध स्पष्ट शिफारस केली. तरीही ‘जरा जोर लावा’ म्हणणारे नातेवाईक दाराबाहेर उभे असतातच.

सर्वांत घातक इजा डोळ्यांना दिसत नाही. ती प्राणवायूच्या अभावी मेंदूला होते. जन्मलेल्या शंभर बाळांपैकी सुमारे दहांना पहिला श्वास घेण्यासाठी काही ना काही मदत लागते. बाळाला कोरडे करणे, पाठ चोळणे, आणि तेवढ्याने भागले नाही तर पिशवी व मास्कने श्वास देणे : हे सारे पहिल्या मिनिटातच सुरू व्हावे लागते. त्यासाठी मोठे इस्पितळ लागते, ही समजूत आपल्याच राज्याने खोटी ठरवली आहे. सिंधुदुर्गच्या अगदी दुसऱ्या टोकाला, गडचिरोलीत, डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने 39 गावांतील साध्या स्त्रियांना नवजात बाळाची काळजी, गुदमरलेल्या बाळाला श्वास देणे आणि जंतुसंसर्गावरील उपचार शिकवले. नवजात बालकांचे मृत्यू सुमारे 62 टक्क्यांनी घटले, आणि हा अहवाल 1999 साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. गडचिरोलीच्या जंगलात जी ‘देवाची इच्छा’ बदलू शकली, ती मालवणच्या किनाऱ्यावर अटळ कशी?

पहिले मिनिट हातचे गेले, तरी पुढचे आठवडे उरतात. तेही आपण दवडतो. खांदा अडकलेल्या बाळाच्या मानेतून हाताकडे जाणाऱ्या शिरा ताणल्या जातात आणि हात लुळा पडतो. बहुतेक बाळे योग्य व्यायामाने बरी होतात. पण तीन महिन्यांत कोपर वाकू लागले नाही, तर शिरांच्या शल्यविशारदाकडे गेलेच पाहिजे. वर्ष उलटल्यावर शस्त्रक्रियेचा लाभ फार थोडा. आपल्याकडे हे तीन महिने तेल चोळण्यात, हात ओढून पाहण्यात आणि दृष्ट काढण्यात सरतात. गळ्याजवळचे हाड मोडले असेल, तर ते दोनतीन आठवड्यांत आपोआप जुळते. चोळले तर बाळाला फक्त वेदना होतात. डोक्यावरची रक्ताची गाठ काही आठवड्यांत किंवा महिन्यांत विरते. तिला सुई लावू नये, मात्र काविळीवर लक्ष ठेवावे. दुर्लक्षित तीव्र कावीळही मेंदूला कायमची इजा करते.

कोणी म्हणेल, ‘फादर, सरळ सिझेरियन करावे, म्हणजे कटकटच नको.’ सिझेरियनने धोका घटतो, संपत नाही. आणि त्या शस्त्रक्रियेचे आईला स्वतःचे धोके असतात. दुसरा म्हणेल, ‘दोष डॉक्टरांचाच.’ कधी असतोही. तेव्हा नोंदी मागाव्यात, दाद मागावी. पण मेंदूच्या पक्षाघाताची बरीचशी उदाहरणे प्रसूतीच्या आधीच्या कारणांतून उद्भवतात, हे विज्ञान गेली काही दशके सांगत आहे. दोषी शोधण्याची घाई आणि दैवाला शरण जाण्याची घाई, दोन्ही सारख्याच आंधळ्या.

शासनालाही सोडता येणार नाही. 2018 च्या जानेवारीपासून बांबोळीच्या गोमेकॉत परराज्यातील रुग्णांना शुल्क लागू झाले, तेव्हा दोडामार्गात आंदोलन उभे राहिले. आपल्या बाळंतिणींचा भरवसा सीमेपलीकडे आहे, हे उघडे सत्य त्यातून पुढे आले. मालवणहून बांबोळीला पोहोचायला दोन तासांहून अधिक लागतात. गुदमरलेल्या बाळाकडे दोन मिनिटेही नसतात. आता ओरोसला वैद्यकीय महाविद्यालय झाले, हे चांगलेच. परंतु पाटी लावल्याने बाळ श्वास घेत नाही. रात्री दोन वाजता तेथे प्रशिक्षित माणूस हजर असावा लागतो.

म्हणून प्रत्येक कुटुंबाला माझे सांगणे आहे. गरोदरपणात साखरेची तपासणी टाळू नका. प्रसूतीच्या ठिकाणी आधीच विचारा : बाळाकडे पाहायला वेगळे माणूस असेल का, पिशवी आणि मास्क तयार असतात का? विचारण्यात उद्धटपणा नाही. आशाताई घरी येईल तेव्हा तिला दारातून परत पाठवू नका. बाळाचे दोन्ही हात सारखे हलतात का, ते तिला पाहू द्या. शंका आल्यास 2013 पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली तपासणी व उपचार मोफत मिळतात, ते हक्काने घ्या. आणि इजा झालेले मूल असेल, तर त्याला माजघरात लपवू नका. 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखालील ‘निरामय’ योजनेतून मेंदूचा पक्षाघात असलेल्यांना एक लाख रुपयांपर्यंत आरोग्यविमा मिळतो.

बाळंतपण हा बाईचा दुसरा जन्म, असे आपण म्हणतो. मग त्या जन्माची तयारी घरातल्या पुरुषांनीही करायला हवी : गाडी कोणाची, रक्त कोणाचे, पैसा कोठला, हे नवव्या महिन्याआधी ठरलेले असावे. एवढे सारे करूनही जे हातून निसटेल, त्यापुढे गुडघे टेकू. पण काहीच न करता टेकलेले गुडघे हे श्रद्धेचे लक्षण नव्हे.