नवे मूत्रपिंड, जुने हृदय

माझ्या चुलतभावाला त्याच्या धाकट्या बहिणीने आपले एक मूत्रपिंड दिले. ऑपरेशन उत्तम पार पडले. पुढे दर तीन महिन्यांनी तो रक्त तपासून येई आणि क्रिएटिनिनचा कागद घरोघर दाखवी. सात वर्षे तो कागद चांगलाच होता. आठव्या वर्षी भातकापणीच्या दिवसांत तो दम खायला बांधावर बसला, तो पुन्हा उठला नाही. मूत्रपिंड शेवटपर्यंत चालू होते. बंद पडले ते हृदय. बहीण अजून मला विचारते, "दादा, मी दिलेलं वाया गेलं का रे?"

तिला उत्तर द्यावे म्हणून मी जे वाचले, जाणत्या डॉक्टरांना विचारले, ते वाचकांपुढे ठेवतो.

मूत्रपिंडाचे यशस्वी रोपण पहिल्यांदा १९५४ साली अमेरिकेत बोस्टन येथे दोघा जुळ्या भावांमध्ये झाले. आपल्या देशात १९७१ साली वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयाने हे काम करून दाखविले. आज असे रुग्ण आपल्या ओळखीपाळखीतही भेटतात. पण नव्या मूत्रपिंडाबरोबर नवे शरीर मिळत नाही. आंब्याच्या कलमाची फांदी नवी असली तरी खुंट जुनाच असतो, तसेच हे आहे. मधुमेहाने किंवा रक्तदाबाने मूत्रपिंडे निकामी होईपर्यंत हृदयाच्या रक्तवाहिन्याही कडक झालेल्या असतात. त्यात औषधांची भर पडते. स्टेरॉइडने साखर व वजन वाढते, सायक्लोस्पोरिनने रक्तदाब व कोलेस्टेरॉल चढते, टॅक्रोलिमसने मधुमेह होऊ शकतो. तरी ही औषधे सोडता येत नाहीत. सोडली तर शरीर परके मूत्रपिंड नाकारते. म्हणून मूत्रपिंड चालू असताना जे रुग्ण दगावतात, त्यांच्या मृत्यूच्या प्रमुख कारणांत हृदयविकार येतो.

आता मुख्य मुद्दा. हा धोका सर्व वंशांच्या लोकांना सारखा नाही. आफ्रिकी वंशाच्या लोकांत रक्तदाब जास्त आढळतो आणि रोपणानंतर नव्याने मधुमेह होण्याचे प्रमाणही गोऱ्यांपेक्षा जास्त असते. परंतु ब्रिटनमधील कॅरिबियन लोकांत रक्तदाब व मधुमेह अधिक असूनही हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा विकार कमी दिसतो. त्यांच्या रक्तातील चरबीचे मान आपल्याहून बरे असते. आपल्या भारतीय उपखंडातल्या लोकांचे उलटे आहे. चांगले कोलेस्टेरॉल कमी, ट्रायग्लिसराइड जास्त, साखर लवकर चढणारी, आणि लायपोप्रोटीन-ए नावाचा आईबापांकडून येणारा चरबीचा एक प्रकार गोऱ्यांपेक्षा अधिक. बावन्न देशांत झालेल्या इंटरहार्ट पाहणीत आपल्याकडच्या लोकांना पहिला झटका सरासरी ५३ व्या वर्षी आला. इतर देशांत तो सुमारे ५९ व्या वर्षी आला होता. रोपण झालेल्यांचेही तेच. २०११ साली टोरंटोच्या डॉक्टरांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दक्षिण आशियाई वंशाच्या रुग्णांना हृदयाचे मोठे आघात गोऱ्या, आफ्रिकी व पूर्व आशियाई रुग्णांपेक्षा अधिक झाल्याचे दिसले. देश तोच, औषधे त्याच प्रकारची, तरी फरक राहिलाच.

"आम्ही शेतात राबणारी माणसं, अंगावर मांस नाही, आम्हाला कसला हृदयविकार?" असे पुष्कळजण म्हणतील. त्यांनी पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांचे काम ऐकावे. त्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांतील शेतकरी कुटुंबांच्या गरोदर बायका व मुले यांचा अभ्यास केला. जन्मलेल्या बाळांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो, इंग्लंडमधील बाळांचे सुमारे ३.५ किलो. आपली बाळे हडकुळी, पण त्या मानाने चरबी मात्र राखून असलेली. मोठेपणीही तेच. २००४ साली डॉ. याज्ञिक व त्यांचे इंग्रज मित्र डॉ. युडकिन यांनी स्वतःचाच दाखला छापला. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे. पण शरीरातील चरबी इंग्रजाची ९ टक्के, तर आपल्या डॉक्टरांची २१ टक्के! तराजू दोघांना एकच आकडा दाखवीत होता. म्हणून "वजन ठीक आहे" एवढ्यावर आपण समाधान मानू नये. पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या व बाईची ८० च्या वर गेली की धोक्याची घंटा समजावी.

माझे मत असे की, आपल्याकडे रोपण झालेल्या माणसाची देखभाल फार एकांगी होते. घरचे क्रिएटिनिन विचारतात, रुग्ण क्रिएटिनिन सांगतो, आणि घाईत असलेला डॉक्टरही तेवढेच पाहतो. कंबर कोणी मोजत नाही. ज्या मापांवर व औषधांवर आपण विसंबतो, त्यांपैकी पुष्कळ परदेशी लोकांवर ठरलेली आहेत. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत रोपण झालेल्या २१०२ रुग्णांपैकी काहींना कोलेस्टेरॉल उतरविणारे औषध दिले, तेव्हा हृदयामुळे होणारे मृत्यू व झटके मिळून सुमारे एक-तृतीयांशाने कमी झाले. फायदा मोठाच, पण ते रुग्ण युरोपातले व कॅनडातले, बहुतेक गोरे होते. दुसऱ्याच्या जमिनीवर ठरलेले खताचे प्रमाण आपण माती न तपासता टाकत नाही; इथे तरी का टाकावे?

मात्र दोन बाबतींत सावध राहावे.

पहिली ही की, खूण म्हणजे रोग नव्हे. होमोसिस्टीन नावाचा पदार्थ रक्तात वाढलेला असला की हृदयविकार अधिक दिसतो. आपल्याकडे ब-१२ जीवनसत्त्वाच्या कमतरतेमुळे तो पुष्कळांत वाढलेला असतो. म्हणून रोपण झालेल्या चार हजारांहून अधिक रुग्णांवर जीवनसत्त्वांची चाचणी झाली. २०११ साली निकाल आला: होमोसिस्टीन उतरले, पण झटके कमी झाले नाहीत. पिवळ्या पानाला हिरवा रंग दिल्याने रोप सुधारत नाही. तेव्हा कोणी एकाच तपासणीच्या नावावर महागडी गोळी विकू लागला, तर आधी विचारावे, "हिने माणसे वाचली का?"

दुसरी ही की, वंश हा इशारा आहे, निकाल नव्हे. अमेरिकेत मूत्रपिंडाचे काम मोजण्याच्या सूत्रात काळ्या रुग्णांसाठी वेगळा गुणक होता. त्यामुळे त्यांची मूत्रपिंडे कागदावर होती त्याहून बरी दिसत आणि रोपणाच्या यादीत त्यांचे नाव उशिरा लागे. २०२१ साली नवे सूत्र आले, २०२२ साली यादीसाठी जुन्या गुणकावर बंदी आली, आणि २०२३ पासून बुडालेला प्रतीक्षाकाळ परत देणे रुग्णालयांना भाग पडले. वंश पाहून माणसाला मागे ढकलणे हा अन्याय. वंश पाहून त्याची तपासणी लवकर करणे ही काळजी. आणि "आमच्या रक्तातच आहे" म्हणून हात जोडून बसणे हा निव्वळ आळस.

तर करावे काय? ज्यांच्या घरी असा रुग्ण आहे त्यांनी क्रिएटिनिनबरोबर रक्तदाब, साखर व चरबी यांचेही आकडे एका वहीत लिहून ठेवावेत. रक्तदाब १३०/८० च्या आत राखण्याचा प्रयत्न असावा. लायपोप्रोटीन-ए फारसे बदलत नाही. ते एकदा तपासले तरी पुरे. तंबाखू, विडी, मिशेरी पूर्ण बंद. लोणचे, पापड, सुकी मासळी व सणासुदीची सॉसेजेस यांतले मीठ जपावे. पपनस खाऊ नये. त्याने रोपणाच्या औषधांचे रक्तातील प्रमाण चढते. अंग दुखले म्हणून दुकानातून वेदनाशामक गोळी आणू नये, आणि मुळीपाल्याचे औषध डॉक्टरांना न सांगता घेऊ नये. पॉवर टिलर व मोटारसायकल आल्यापासून शेतकऱ्याचेही चालणे कमी झाले आहे. डॉक्टरांना विचारून रोज अर्धा तास चालावे.

बहिणीला मी सांगितले, "बाई, तू दिलेलं वाया गेलं नाही. सात वर्षे त्याने मुलांना वाढवलं, शेत राखलं. चुकलो ते आम्ही. तू दिलेल्या मूत्रपिंडाची चौकशी केली, पण त्याच्या छातीची कोणी केली नाही." ही चूक आपल्यापैकी दुसऱ्या कोणाच्या घरी होऊ नये.