काळं-राखाडी ‘एलिव्हेशन’ भंडाऱ्याच्या उन्हात परवडतं का?

मोबाईलवर घराची डिझाईन शोधली की हल्ली एकच प्रकार पुन्हा पुन्हा समोर येतो. समोरच्या भिंतीला काळसर राखाडी पट्टा, बाजूला लाकडासारख्या दिसणाऱ्या टाइल्स, वर मोठी काच. भंडारा, तुमसर, साकोली, पवनीकडे घर बांधणारेही तोच फोटो मिस्त्रीला दाखवतात आणि ‘अस्संच पाहिजे’ म्हणतात.

फोटो सुंदर असतो, यात वाद नाही. पण ही फॅशन ज्या थंड देशांतून आली, तिथे भिंत तापली तर लोकांना बरंच वाटतं. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो.

हा प्रश्न फक्त बंगलेवाल्यांचाही नाही. प्रधानमंत्री आवास योजना ग्रामीणमध्ये २०२४-२५ ते २०२८-२९ या काळात देशभरात आणखी २ कोटी घरं बांधायला केंद्राने ऑगस्ट २०२४ मध्ये मंजुरी दिली. या योजनेत सपाट भागासाठी केंद्राच्या निकषाप्रमाणे मदत १ लाख २० हजार रुपयांची आणि घर किमान २५ चौरस मीटरचं. एवढ्याशा घरात स्लॅब किंवा पत्रा तापला की सरकायला दुसरी खोलीच नसते. तिथे रंगाचा डबा निवडणं ही हौस राहत नाही.

ऊन नेमकं कुठून येतं?

भंडारा शहर साधारण २१.२ अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे २६ मेच्या आसपास भरदुपारी सूर्य बरोबर डोक्यावर असतो. त्यालाच शून्य सावलीचा दिवस म्हणतात. त्या वेळी भिंतींना ऊन जवळपास लागतच नाही, सगळा मारा छतावर होतो. दुपार कलली की पश्चिमेची भिंत तापायला लागते ती सूर्य बुडेपर्यंत. ९ इंची विटेची भिंत ही उष्णता काही तास धरून ठेवते आणि नेमकी झोपायच्या वेळी आत सोडते. ‘रात्री ११ वाजता भिंतीला हात लावला तरी गरम’ हा अनुभव त्यातूनच येतो.

आता आपण पैसे कुठे घालतो बघा. रस्त्याकडच्या भिंतीवर. उन्हाला रस्ता कुठल्या बाजूला आहे याच्याशी काही घेणंदेणं नसतं. घराचं तोंड उत्तरेला असेल तर समोर थोडा गडद रंग दिल्याने फारसं बिघडत नाही. तेच तोंड पश्चिमेला असेल तर काळं एलिव्हेशन म्हणजे खोलीबाहेर तवा टांगल्यासारखं आहे.

रंगाने खरंच एवढा फरक पडतो?

पडतो. ताजा पांढरा रंग अंगावर आलेल्या उन्हापैकी ७० ते ८० टक्के परत फेकतो. गडद राखाडी किंवा काळा रंग बहुतेक ऊन पिऊन टाकतो आणि कडक उन्हात हवेपेक्षा २५-३० अंशांनी जास्त तापू शकतो. छत पांढरं केलं तर आतलं तापमान साधारण २ ते ५ अंशांनी उतरतं, तेही वीज न जाळता. कूलर आहे की, असं कुणी म्हणेल. पण मृग लागून हवा दमट झाली की कूलर नुसता वारा देतो.

रंग घेताना दुकानदाराला शेडचा ‘एलआरव्ही’ आकडा विचारा. तो ० ते १०० असतो आणि रंग किती प्रकाश परत पाठवतो ते सांगतो. पश्चिमेची भिंत ७० च्या वर ठेवली तर उत्तम. म्हणजे पांढराच हवा असं नाही, क्रीम, फिका पिवळा, बदामी हेही बसतात. गच्चीचं वॉटरप्रूफिंग पांढऱ्यातही मिळतं आणि विटकरी रंगातही. पांढरं घ्या. बजेट नसेल तर चुना आहेच, फक्त तो पावसात धुऊन जातो आणि दर उन्हाळ्याआधी पुन्हा मारावा लागतो. पत्र्याचं छत असेल तर निळ्या-लाल पत्र्याऐवजी पांढरा मागा.

भिंत कशाची?

मौद्याचं एनटीपीसीचं आणि तिरोड्याचं अदानीचं वीज केंद्र जवळ असल्याने राखेच्या विटा या भागाला नव्या नाहीत. त्या मापात सारख्या असतात, प्लास्टर कमी लागतं. पण ‘या विटांनी घर थंड राहतं’ या जाहिरातीवर फार भिस्त ठेवू नका. उष्णता अडवण्यात एएसी ब्लॉक लाल विटेपेक्षा साधारण चौपट चांगला, मात्र सवयीचा मिस्त्री नसेल तर प्लास्टरला भेगा पडतात. पैसे मोजकेच असतील तर ते छत आणि पश्चिमेची भिंत एवढ्यावरच लावा. त्या बाजूच्या खिडक्यांवर दोन फुटांचा छज्जा काढा आणि मोठी काच तिथे अजिबात नको.

समोर लावायचं एसीपी पॅनेल स्वस्तातलं असेल तर आत प्लॅस्टिकचा थर असतो. लंडनच्या ग्रेनफेल टॉवरला २०१७ मध्ये लागलेली आग अशाच पॅनेलमुळे पसरली आणि ७२ जण गेले. एकमजली घराची तुलना त्या इमारतीशी होणार नाही, तरी मीटर आणि वायरिंगजवळ हे पॅनेल टाळलेलं बरं.

पांढरं मळतं, त्याचं काय?

ही तक्रार खरी आहे. जिल्ह्यात पाऊस हजार मिलिमीटरच्या वर, त्यात धानाच्या बांध्यांची ओल. खालची भिंत चिखलाच्या शिंतोड्यांनी रंगते आणि पावसाळ्यानंतर शेवाळ काळं पडतं. म्हणून जमिनीपासून दोन-अडीच फूट गेरूच्या रंगाचा किंवा दगडाचा पट्टा ठेवा. राखाडीची हौस तिथे, दारं-ग्रिलवर आणि उत्तरेच्या भिंतीवर भागवा. खरबरीत टेक्श्चरमध्ये धूळ अडकते, गुळगुळीत पृष्ठभाग धुऊन निघतो.

सरकारचा काही नियम?

तेलंगणाने २०२३ मध्ये कूल रूफ धोरण आणलं. तिथे सरकारी आणि व्यापारी इमारतींसोबत ६०० चौरस यार्डांच्या वरच्या नव्या घरांनाही उष्णता परतवणारं छत सक्तीचं आहे. केंद्राची २०१८ ची ‘इको निवास संहिता’ छत-भिंतींमधून किती उष्णता आत यावी याची मर्यादा सांगते, पण ती ५०० चौरस मीटर आणि त्यावरच्या भूखंडांसाठी. गावातलं घरकुल या दोन्हींत बसत नाही. तिथे निर्णय घरमालक आणि मिस्त्री यांच्यातच होतो, बहुतेकदा प्लास्टर सुकत असताना. प्लास्टरला महिनाभर वाळू द्यावंच लागतं. त्या महिन्यात दुपारी ४ वाजता एकदा साइटवर जाऊन उभं राहिलं, तर कुठली भिंत तापते ते हाताला लगेच कळतं.