भिंतीला हप्ता नसतो

चाकणला गाड्या तयार होतात आणि तिथून दहा-बारा किलोमीटरवर, आळंदीत, एक भिंत आहे. चौदाशे वर्षांचे चांगदेव वाघावर बसून, हातात सापाचा चाबूक घेऊन आले, तेव्हा ज्ञानदेव आणि त्यांची भावंडं ज्या भिंतीवर बसून सामोरी गेली, ती हीच असं मानतात. कथेच्या खरेखोटेपणाचं विद्वान बघून घेतील. मला एवढंच दिसतं, की नवं वाहन घेऊन दुसऱ्याच्या दारात रुबाब करायला जायची आपली रीत फार जुनी आहे. चांगदेवांचा वाघ फक्त हप्त्यांवर नव्हता. शिवाय ते त्यावरून वेळेवर उतरले!

आपण उतरत नाही. पहिल्या दिवशी गाडीला हार, चाकाखाली लिंबू, चाळभर पेढे. महिनाभर फडक्याने पुसापुशी. मग शेजाऱ्याकडे मोठी गाडी येते आणि आपलं सुख तिथेच आटोपतं. हप्ते मात्र पाच वर्षं चालू!

तुम्ही म्हणाल, "बोलायला काय जातं? गरिबीचे गोडवे गाताय होय?" मुळीच नाही. संन्याशाची पोरं म्हणून वाळीत पडलेल्या त्या भावंडांना कोरान्न मागावं लागलं, त्यात कौतुकाचं काही नव्हतं. पगाराच्या दिवशी मलाही बरं वाटतं. माझं भांडण गाडीशी नाही, यादीशी आहे. आधी फ्लॅट, मग गाडी, मग मुलांची लग्नं आणि रिटायर झाल्यावर मनःशांती! जणू मनःशांती म्हणजे प्रॉव्हिडंट फंडच, साठीला व्याजासकट हातात पडणार. ज्ञानदेवांनी याच आळंदीत १२९६ साली, एकविसाव्या वर्षी समाधी घेतली. आपल्या यादीप्रमाणे तेव्हा त्यांचा फ्लॅटसुद्धा व्हायचा होता.

ज्यांना साठीपर्यंत धीर धरवत नाही, त्यांच्यासाठी शांतीही आता बाजारात आली आहे. कुठे ती चौरस फुटाच्या भावाने मिळते, तर कुठे तीन दिवसांच्या शिबिरात, जेवणखाणासह.

गीतेच्या सहाव्या अध्यायात अर्जुन हीच तक्रार करतो, की मन वाऱ्यासारखं आहे, आवरता आवरत नाही. कृष्ण त्याला नवा रथ घेऊन देत नाही. अभ्यास आणि वैराग्य, एवढे दोनच उपाय सांगतो. अभ्यास म्हणजे रोज तेच ते. जोग महाराजांनी १९१७ साली आळंदीत काढलेल्या वारकरी शिक्षण संस्थेत पोरं तेच करतात. पाठांतर, टाळ, मृदंग आणि पुन्हा पाठांतर. रोज संध्याकाळी तोच हरिपाठ, शब्दही नवा नाही. यात विकण्यासारखं काही नसतं, म्हणून त्याची जाहिरात होत नाही.

हे पटत नसेल, तर इंद्रायणीच्या घाटावर उभे राहा. वरच्या वस्त्यांचं सांडपाणी आणि कारखान्यांचं मैलं पाणी उतरून नदीवर अधूनमधून पांढरा फेस तरंगतो. वारकरी त्यातच स्नान करतात. आपल्या यादीतल्या वस्तू आपल्या घरी येतात, त्यांचा फेस माउलींच्या दारात जातो. दुरून तो बर्फासारखा शुभ्र दिसतो. ओंजळीत घ्यावा, तर हाताला नुसता वास!

तेव्हा गाडी खुशाल घ्या, पेढेही द्या. पण रोज पंधरा मिनिटं गप्प बसायला आजपासून लागा. रिटायर होईपर्यंत थांबलात, तर मन तयार होईल, पण गुडघे मांडी घालू देणार नाहीत.