एका अर्ध्या र-काराची गोष्ट

गेल्या आषाढांत आमच्या घरीं एक लहानसा अनर्थ घडला. त्याचा दोष सर्वस्वी आमचाच असल्यामुळें तो वाचकांस सांगण्यास हरकत नाहीं. आमच्या धाकट्या सूनबाई येथें कामणला घरींच तांदळाचें पीठ, भाजणी व मेतकूट करून विकतात. गिऱ्हाईक बहुतेक वसई-विरारकडील वडीलधाऱ्या बायका. त्यांना इंग्रजी पत्ता वाचण्याचा कंटाळा. म्हणून सूनबाईंनीं आपल्या दुकानासाठीं इंटरनेटवर मराठी पत्ता घेण्याचें ठरविलें. ‘भाकऱ्या’ हें नांव घरांत सर्वांस पसंत पडलें. नातवानें तें नोंदविलें, पिशव्यांवर डकविण्याच्या पांचशें चिठ्ठ्यांचा मजकूर आम्हांस दाखविला, आणि पस्तीस वर्षें मुलांच्या वह्या तपासलेल्या आमच्या डोळ्यांनीं तो मंजूर केला.

पंधरा दिवस एकही मागणी आली नाहीं. अखेर विरारच्या एका आजींनीं फोनवर सांगितलें, “अहो, तुमचें दुकान तेथें नाहींच मुळीं!” तेव्हां चूक ध्यानांत आली. वर ठळक अक्षरांत ‘भाकऱ्या’ बरोबर होतें; खालीं बारीक अक्षरांतील पत्त्यांत मात्र ‘भाकर्या’ झालें होतें, आणि नोंदही तशीच होती. गिऱ्हाइकांनीं शुद्ध लिहिलें. आम्ही अशुद्ध नोंदविलें.

दर्या म्हणजे समुद्र आणि दऱ्या म्हणजे डोंगरांमधील खोल जागा. आचार्यांस वंदन करावें आणि आचाऱ्यास पक्वान्न सांगावें. हा भेद आम्ही वर्गांत हजार वेळां शिकविला असेल. संस्कृतांत हा दुसरा र-कार नाहीं, हिंदीसही त्याची गरज नाहीं. मराठीचें मात्र त्यावांचून चालत नाहीं. मनुष्य संदर्भानें समजून घेतो. यंत्राला दोन निराळ्या अक्षरमाला म्हणजे दोन निराळीं घरें.

रात्रीं जेवतांना वडील बंधूंनीं विचारलें, “पण कोणतें अक्षर चालावें, कोणतें नाहीं, हें ठरवितो तरी कोण? सरकार?” प्रश्न मार्मिक होता. आम्हांस उत्तर येत नव्हतें, म्हणून पुढील महिनाभर आम्ही तोच अभ्यास केला.

यंत्रें एकमेकांस आंकड्यांनीं ओळखतात. माणसाला आंकडे लक्षांत राहत नाहींत; म्हणून १९८३ सालीं पॉल मॉकापेट्रिस यांनीं नांवावरून आंकडा शोधून देणारी पद्धति रचली. तिला एक प्रचंड नोंदवही म्हणावें. त्या वहीच्या मूळ पानावर कोणतीं अंतिम नांवें असावींत, ह्याचा कारभार १९९८ सालीं स्थापन झालेली कॅलिफोर्नियांतील आयकॅन ही संस्था पाहते. पूर्वीं तिच्या ह्या कामावर अमेरिकन सरकारची देखरेख होती. १ ऑक्टोबर २०१६ पासून ती उरली नाहीं. आतां तेथें सरकारें सल्ला देतात. व्यापारी, तंत्रज्ञ, ना-नफा संस्था व सामान्य वापरणारे लोक आपापल्या मंडळांतून मत मांडतात. संचालकमंडळांत मताधिकार असलेले सोळा सभासद. त्यांपैकीं एक सामान्य वापरणाऱ्यांच्या संस्थांनीं निवडलेला. “सोळांत एक! म्हणजे जेवणांत मिठाएवढा,” वहिनी म्हणाल्या. दादांनीं उत्तर दिलें, “मीठ नसेल तर कळतें हो!”

दादांचें म्हणणें खरें असल्याचा एक दाखला आम्हांस सांपडला. ‘ऑर्ग’ हें अंतिम नांव जगांतील असंख्य धर्मादाय संस्था, ग्रंथालयें व मंडळें वापरतात. त्याचा कारभार पाहणारी संस्था एका खाजगी भांडवलदार कंपनीस विकण्याचा बेत नोव्हेंबर २०१९ मध्यें जाहीर झाला. किंमत एक अब्जाहून अधिक डॉलर. उद्यां वर्गणी वाढली, किंवा अप्रिय संस्थेचें नांव काढून घेतलें गेलें, तर दाद कोठें मागावी? असें विचारीत देशोदेशींच्या संस्थांनीं पत्रें लिहिलीं, आयकॅनच्या दारांत निदर्शनें केलीं. ३० एप्रिल २०२० रोजीं आयकॅननें त्या विक्रीस संमति नाकारली. बोलणारे लोक होते म्हणून ती गोष्ट विचारांत घेतली गेली.

आतां आपल्या घरची गोष्ट. ‘भारत’ हें देवनागरी अंतिम नांव २७ ऑगस्ट २०१४ रोजीं लोकांसाठीं खुलें झालें. त्याच महिन्याच्या पहिल्या तारखेस आमचा पालघर जिल्हा जन्मास आला होता. संस्कृतासाठीं ‘भारतम्’ असें निराळें नांवही आहे, हें वाचून आम्हांस किती आनंद झाला तें सांगावयास नको. पण मूळ पानावर पुढें जीं नवीं नांवें येतील त्यांत कोणतीं अक्षरें चालावींत, हें ठरविण्यासाठीं भाषा व लिपि जाणणाऱ्यांची एक समिति बसली. तिचें नांव ‘नव-ब्राह्मी’, कारण तिच्याकडील नऊही लिप्या ब्राह्मीच्या लेकी. येथून थोड्याच कोसांवर सोपारें आहे. तेथें १८८२ सालीं भगवानलाल इंद्रजी यांना अशोकाच्या आठव्या शासनाचा तुकडा सांपडला, तो ह्याच ब्राह्मींत. समितीनें देवनागरीचा मसुदा २०१८ सालीं सर्व लोकांच्या अभिप्रायासाठीं प्रसिद्ध केला आणि २०१९ सालीं ते नियम स्वीकारले गेले. त्यांत आमच्या अर्ध्या ऱ-कारास स्थान आहे.

ह्या ठिकाणीं आमची मान खालीं गेली. कोणीतरी आपला वेळ खर्चून मराठीचें हें अक्षर जगाच्या वहींत बसविलें. आणि तें वापरण्याची वेळ येतांच आम्ही मास्तर चुकलों! मसुदा अभिप्रायासाठीं खुला होता त्या वेळीं आमच्यासारखे किती निवृत्त शिक्षक रिकामे बसले होते? आम्हीही त्यांतलेच. अशीं मतें कोणीही पाठवूं शकतो. आयकॅनच्या सभांस प्रवेशमूल्य नसतें. त्या २००८ सालीं दिल्लीस आणि २०१६ सालीं हैदराबादेस भरल्या होत्या. अडचणी आहेत हेंही खरें. चर्चा बहुतेक इंग्रजींत, परिभाषा क्लिष्ट, परदेशच्या प्रवासाचा खर्च मोठा. म्हणून गरीब देशांचा आवाज क्षीण राहतो. परंतु घरबसल्या एक पत्र लिहिण्यास काय लागतें?

काम अजून पुष्कळ उरलें आहे. सूनबाईंनीं आपला मराठी ई-पत्ता एका कार्यालयाच्या अर्जांत भरला, तों यंत्रानें तो ‘अयोग्य’ ठरविला. नांव नोंदतां येतें, पण दारोदार तें ओळखलें जात नाहीं. सर्व लिप्यांतील नांवें सर्वत्र स्वीकारलीं जावींत म्हणून २८ मार्च २०२३ रोजीं प्रथमच एक जागतिक दिन पाळण्यांत आला. पण ज्या कार्यालयाचें यंत्र चुकतें त्याला गिऱ्हाइकानें सांगितल्याशिवाय तें सुधारणार कसें? आम्ही त्या कार्यालयास शुद्ध मराठींत पत्र धाडलें आहे. उत्तर अद्याप नाहीं. पुढच्या पौर्णिमेस दुसरें जाईल.

चिठ्ठ्यांचें काय झालें, असें वाचक विचारतील. ‘भाकऱ्या’ हें शुद्ध नांव सुदैवानें मोकळें होतें. सूनबाईंनीं तेंही नोंदविलें. पांचशें चिठ्ठ्या फेंकून देणें वहिनींस मानवेना, म्हणून तीन रात्री ओसरीवर बसून दादांनीं, वहिनींनीं आणि आम्हीं प्रत्येक चिठ्ठीवरील तें अक्षर शाईनें दुरुस्त केलें. नातू शेजारीं बसून मोजीत होता. पांचशेंवें अक्षर त्यानें आपल्या हातानें लिहिलें. तें बरोबर होतें.