भांड्याच्या तळाशी नाव लिहा



बाईने घरी केलेल्या कलाकुसरीला आपण किती सहज ‘छंद’ म्हणून मोकळे होतो! हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही. व्हिएन्नामध्ये ‘माक’ नावाचं उपयोजित कलांचं संग्रहालय आहे. तिथल्या हाताने रंगवलेल्या काचेच्या वस्तूंची गोष्ट आपण प्रत्येकीने ऐकावी असं मला वाटतं.

१९०३ साली त्या शहरात ‘वीनर वेर्कश्टेटे’ ही कार्यशाळा निघाली. रोजच्या वापरातली वस्तूही देखणी असावी, हा तिचा आग्रह. पहिल्या महायुद्धात पुरुष सैन्यात गेले आणि बरंचसं काम स्त्रियांच्या हाती आलं. बोहेमियातल्या कारखान्यांचे साधे पेले आणि फुलदाण्या आणून त्या त्यांवर फुलं, पक्षी, माणसं रंगवत. तो रंग म्हणजे बारीक कुटलेली रंगीत काचच. ब्रशने लावायचा आणि भांडं भट्टीत भाजायचं. आच कमी पडली तर रंग धरत नाही, जास्त झाली तर भांडं वाकतं. भाजून निघाल्यावर चूक पुसता येत नाही. याला वेळ घालवणं कसं म्हणायचं?

शहरातल्या ललित कला अकादमीत १९२० पर्यंत मुलींना प्रवेशच नव्हता. म्हणून यांतल्या बऱ्याच जणी उपयोजित कलेच्या शाळेत रीतसर शिकल्या. तरी अडोल्फ लोस या नामवंत वास्तुविशारदाने १९२७ च्या एका व्याख्यानात त्यांची टर उडवली. लग्न होईपर्यंत हातखर्चापुरतं काहीतरी करत बसणाऱ्या, बड्या अधिकाऱ्यांच्या लेकी, असा त्याचा सूर होता.

१९३२ मध्ये कार्यशाळा बंद पडली आणि या स्त्रियांची नावं विस्मरणात गेली. २०२१ साली ‘माक’ने त्यांच्यावर प्रदर्शन भरवलं, तेव्हा सुमारे १८० जणींची नावं पुढे आली. कार्यशाळेची रेखाटनं आणि फोटो संग्रहालयाने जपले होते, म्हणूनच हा शोध घेता आला.

आता आपल्याकडे बघा. रंगवलेल्या बरण्या, मोत्यांची तोरणं, पूजेच्या थाळीवरचे भरतकामाचे रुमाल घरोघरी आहेत. आजीने केलंय एवढं ठाऊक असतं, पण कोणत्या आजीने, ते पुढच्या पिढीत कोणालाच सांगता येत नाही.

कोणी म्हणेल, नाव लिहिणं म्हणजे मान-कषाय. मला तसं वाटत नाही. आपल्या जुन्या हस्तलिखित ग्रंथांच्या शेवटी प्रशस्ती असते. ग्रंथ कोणी लिहिला, कोणी लिहवून घेतला, हे त्यात नोंदलेलं असतं आणि त्यात श्राविकांचीही नावं सापडतात. तो अहंकार नव्हता, नोंद होती.

म्हणून यापुढे काही रंगवलंत, विणलंत, भरलंत, तर खाली बारीक अक्षरात स्वतःचं नाव आणि साल घाला. सासूबाईंनी केलेलं काही घरात असेल, तर त्यांना विचारून आजच लिहून ठेवा. आणि लेकीने काही केलं, तर ‘छान टाइमपास आहे’ हे वाक्य कृपया गिळून टाका.