निवडणूक लांबली तरी चालेल, मत विकू नका



करोनाच्या साथीत २०२० साली मुदत संपलेल्या ग्रामपंचायतींवर प्रशासक बसले. सहकारी संस्थांच्या निवडणुकाही लांबल्या. जिवापुढे मतपेटी थांबली, ते रास्तच झाले. पुढे १४,२३४ ग्रामपंचायतींची निवडणूक लागली. १५ जानेवारी २०२१ रोजी जळगाव-धुळ्याचा मतदारही मास्क लावून रांगेत उभा राहिला. साथीतही मतदान होते, हे दिसले.

पण त्याच वेळी आपल्या खानदेशातच खोंडामळी (जि. नंदुरबार) येथे सरपंचपदाच्या लिलावामुळे आयोगाला निवडणूक रद्द करावी लागली. बिनविरोध जरूर करा. पण बोली लावून नव्हे! दहा एकरवाल्याला एक मत, एकरवाल्यालाही एकच, हाच आपला सहकार. लिलावात गरिबाचे मत कुठे राहते?