‘नॉट क्रिकेट’ आणि रडीचा डाव

एखादे वर्तन अन्याय्य किंवा अशोभनीय ठरवायचे असले, की इंग्रजीत ‘इट्स नॉट क्रिकेट’ असे म्हणण्याचा प्रघात आहे. भाषांतराच्या तासाला विद्यार्थी याचे हटकून दोन पर्याय सुचवतात : ‘हे क्रिकेट नव्हे’ आणि ‘हा रडीचा डाव’. पहिला शब्दशः बरोबर, पण मराठीत निरर्थक. दुसरा अस्सल मराठी. तरीही तो मूळ अर्थाला बगल देतो, असे आमचे मत आहे.

रडीचा डाव खेळणारा हरू लागताच नियम मोडतो, भांडतो, अंगावर आलेले राज्य नाकारतो. ‘नॉट क्रिकेट’ची खरी धार मात्र नियम पाळणाऱ्यावर चालते. 1981 साली मेलबर्नच्या एकदिवसीय सामन्यात शेवटच्या चेंडूवर न्यूझीलंडला बरोबरीसाठी सहा धावा हव्या होत्या. कर्णधार ग्रेग चॅपेल यांच्या सांगण्यावरून त्यांचे बंधू ट्रेव्हर यांनी चेंडू जमिनीवरून सरपटत टाकला. ते त्या वेळच्या नियमांत बसत होते. तरीही निषेधाचे मोहोळ उठले. नियम आणि संकेत यांमधील ही फट म्हणजेच या वाक्प्रचाराची जागा.

पण हे अलिखित संकेत ठरवतो कोण? डिसेंबर 1947 मध्ये सिडनी कसोटीत चेंडू पडण्यापूर्वीच क्रीज सोडणाऱ्या बिल ब्राउन यांना विनू मंकड यांनी धावबाद केले. त्याआधीच्या एका सामन्यात त्यांनी ब्राउन यांना ताकीदही दिली होती. प्रतिस्पर्धी कर्णधार ब्रॅडमन यांनी मंकडांची बाजू घेतली. तरी ‘मंकडिंग’ हा शब्द रूढ झालाच. आगाऊ धाव चोरणारा फलंदाज निनावी सुटला आणि कलंक गोलंदाजाच्या आडनावाला चिकटला. 2022 साली एमसीसीने ही तरतूद ‘अनुचित खेळ’ या कलमातून काढून ‘धावबाद’च्या कलमात नेली. नियम तिथे आधीही होता; बदलली ती त्याकडे पाहण्याची दृष्टी.

म्हणून ‘नियमात बसते, पण शोभत नाही’ हे भाषांतर आम्हांला अधिक जवळचे वाटते. त्यात एक अनपेक्षित लाभही आहे. ‘शोभणे’ हे क्रियापद आले, की ‘कोणाला?’ हा प्रश्न ओघानेच येतो. ‘नॉट क्रिकेट’ म्हणताना निवाडा जणू खेळच देतो आणि निवाडा करणारा माणूस पडद्याआड राहतो. मराठी वाक्य त्याला इतक्या सहजी लपू देत नाही.